जागच्या जागी चालणारी सायकल

उत्तर हिंदुस्थानातील इतर शहरांप्रमाणे काशीच्या गल्ल्यांतूनही चाकूसुऱ्यांना धार लावून देणारा कारागीर सायकल घेऊन हिंडताना दिसतो. गिऱ्हाईक मिळाले म्हणजे तो सायकल मागच्या स्टँडवर उभी करतो, मागचे चाक जमिनीपासून अधांतरी होते, आणि मग त्याच सायकलवर बसून तो पायडल मारू लागतो. चाकाला जोडलेला पट्टा हँडलजवळचा धारेचा गोल दगड गरगरा फिरवितो, ठिणग्या उडतात, सुरीला धार येते. सायकल मात्र तसूभरही पुढे सरकत नाही.

घरातल्या घरात व्यायाम करण्यासाठी एखादी जुनी, स्वस्त सायकल घ्यावी असे ज्याच्या मनात असेल, त्याने या कारागिराकडे क्षणभर निरखून पाहावे. त्याच्या व्यवस्थेत दोन गोष्टी पक्क्या असतात. त्याचा स्टँड रुंद पायांचा आणि मजबूत असतो. माणूस वर बसून जोर करू लागला तरी तो डळमळत नाही. आणि त्याच्या चाकाला काम असते. सुरी दगडावर दाबली की पायाला भार जाणवतो, उचलली की पाय हलका होतो. लहान मुले घरच्या सायकलच्या साध्या स्टँडवर चढून पायडल मारतात तेव्हा या दोन्ही गोष्टी नसतात. चाक भोवऱ्यासारखे फिरत राहते, पायांना श्रम म्हणून काही पडत नाहीत, आणि अंग जरा एका बाजूला गेले की स्टँड मिटून सायकल आडवी होते. पक्का आधार आणि चाकावर भार, एवढ्या दोन अटी पुऱ्या झाल्या म्हणजे कोणतीही सायकल व्यायामाचे यंत्र होऊ शकते.

काशीला व्यायामाचे वावडे कधीच नव्हते. तिच्या आखाड्यांतून पहाटे माती उकरली जाते, जोर-बैठका निघतात, वजनदार जोडी आणि गदा फिरविल्या जातात, आणि नागपंचमीला त्यांच्या चढाओढी लागतात. परंतु आखाडा हा मुख्यतः तरुण पुरुषांचा. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांतील एखाद्या साठीच्या गृहस्थाला किंवा संसाराच्या धबडग्यात असलेल्या गृहिणीला डॉक्टरांनी ‘रोज अर्धा तास पाय चालवा’ असे बजावले, म्हणजे खरी अडचण सुरू होते. गल्ली अरुंद, तीत माणसे, मोटारसायकली आणि काशीचे प्रसिद्ध वळू. घाटावर फिरावयास जावे, तर पौषात धुक्याने पुढची पायरी दिसत नाही, ज्येष्ठात लू भाजून काढते, आणि श्रावण-भाद्रपदात गंगाच पायऱ्या गिळीत वर चढून येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितलेला आहे. ऋतूंच्या मर्जीवर राहून हा हिशेब जमविणे काशीत तरी कठीण. ज्याला हृदयविकार आहे त्याने आधी आपल्या डॉक्टरांची संमती घ्यावी, हे वेगळे सांगावयास नकोच.

बाजारात तयार व्यायाम-सायकली मिळतात, हे खरे. परंतु त्यांतील चांगल्या असतात त्या महाग, आणि स्वस्त असतात त्यांचा एखादा भाग मोडला की तसाच दुसरा कोठे मिळावयाचा, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग त्या यंत्रावर ओले पंचे वाळत पडतात. साध्या सायकलचे तसे नाही. तिचे छर्रे, चेन आणि खिळी कोणत्याही नाक्यावर मिळतात आणि ती बसविणारा मिस्त्रीही तेथेच असतो. म्हणूनच मध्यम स्थितीच्या कुटुंबाने जुनी सायकल आणि तिला भार देणारा एक स्टँड, असा संसार जमविणे अधिक शहाणपणाचे ठरते.

या स्टँडला आता सर्वत्र ‘ट्रेनर’ असेच म्हणतात. त्याचा एक प्रकार तीन आडव्या रुळांचा: दोन रूळ मागच्या चाकाखाली, एक पुढच्या चाकाखाली. यात सायकल कशालाही बांधलेली नसते, तोल चालविणाराच सांभाळतो. शर्यतीच्या खेळाडूंना ते ठीक, साठीच्या गृहस्थाला नव्हे. दुसऱ्या प्रकारात मागच्या चाकाचा आस दोन्ही टोकांनी चिमटीत घट्ट धरला जातो, आणि टायर एका लहान रुळावर टेकतो. त्या रुळाला भार देण्याच्या तीन रीती आहेत. कोठे रुळाच्या टोकाला पंखा असतो. वारा कापण्यास लागणारे श्रम वेगाच्या घनाने वाढत असल्यामुळे वेग दुप्पट करू जाणाऱ्याला आठपट जोर लावावा लागतो, आणि पंख्याचा आवाजही त्याच मानाने चढतो. कोठे लोहचुंबकाजवळून धातूची चकती फिरते. चकतीत उत्पन्न होणारा विद्युत्प्रवाह तिच्या गतीला विरोध करतो, आणि चुंबक जवळ-दूर करणारी एक कळ असल्यामुळे भार कमी-अधिक करता येतो. कोठे बंद डबीतील दाट तेल पाती अडविते. काशीतल्या वाड्यांना भिंतीला भिंत लागून आहे. तेथे चुंबकाचा प्रकार शेजारधर्मालाही सोयीचा आणि खिशालाही. मागचे चाक मुळीच काढून टाकून चेन थेट यंत्राच्या दातऱ्यांवर चढविण्याचाही एक प्रकार आहे. पण त्याची किंमत स्वस्त सायकलच्या कितीतरी पट असते, तेव्हा त्याचा विचार येथे करण्याचे कारण नाही.

आता सायकलच्या निवडीकडे वळावे. रस्त्यासाठी जुनी सायकल पाहताना माणूस ज्या गोष्टींवर प्रथम हात ठेवतो, त्यांतील निम्म्याअधिक खोलीतल्या सायकलच्या बाबतीत गैरलागू ठरतात. ब्रेक लागत नाहीत? खोलीत कोणाला थांबावयाचे आहे? पुढचे चाक वाकडे आहे? ते फिरतच नाही. घंटा, दिवा, मडगार्ड, चेनकव्हर यांपैकी काहीही नसले तरी हरकत नाही. अशा सायकलचा भाव दुकानदार आपण होऊनच कमी सांगतो, आणि जाणत्या ग्राहकाचा लाभ नेमका तेथे असतो. उलट नवा रंग मारून, चकचकीत घंटा बसवून पुढे केलेली सायकल पाहून त्याने सावध व्हावे. रंगाखाली काय झाकले आहे, हे रंग देणाऱ्यालाच माहीत.

पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत तडजोड नको. पहिली गोष्ट म्हणजे माप. आपल्याकडील साध्या काळ्या सायकलींचा सांगाडा बहुधा २२ किंवा २४ इंचांचा असतो. रस्त्यावर माप थोडे चुकले तर माणूस अधूनमधून उठतो, उतरतो, उतारावर पाय थांबवितो. खोलीत अर्धा तास एकाच आसनात, विसावा न घेता पाय फिरत राहतात, आणि चुकलेल्या मापाचा दंड गुडघ्यांना भरावा लागतो. सीटवर बसून पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच टेकवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवड्याने पायडल धरले की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. हे माप जुळेपर्यंत सीटचा दांडा वरखाली सरकला पाहिजे. पुष्कळ जुन्या सायकलींत तो गंजून सांगाड्याशी एकजीव झालेला असतो, आणि दुकानदार ‘तेल सोडले की निघेल’ असे आश्वासन देतो. ते तेल त्याने ग्राहकादेखत सोडावे. सायकल घरातील दोघांनी वापरावयाची असेल, तर न हलणारा दांडा म्हणजे अर्धी सायकल फुकट.

दुसरी गोष्ट मागचे चाक. सारा भार त्याच्यावर आणि त्याच्या आसावर. सायकल स्टँडवर घेऊन चाक फिरवावे आणि रिमजवळ खडू धरावा. चाक डावीउजवीकडे थोडे आऊट असेल तर ट्रेनरच्या रुंद रुळावर ते खपून जाते, आणि मिस्त्री आरे कसून आऊट काढूनही देतो. परंतु चाक वरखाली उडत असेल, तर दर फेऱ्याला रुळावर धप्प असा आवाज होऊन खालच्या मजल्यावरची मंडळी वर येतील. रिम दबलेली असल्याची ती खूण. ती नीट होत नाही. चाकाला वरून धरून आडवे हलविले असता खटखट लागली, तर हबचे कोन सैल आहेत. ते कसता येतात. आस वाकलेला असेल, तर मात्र तो बदलूनच घ्यावा, कारण ट्रेनरची चिमटी त्याच्याच टोकांना धरणार.

येथे काळ्या सायकलचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. तिचा स्टँड, मडगार्डच्या सळ्या, कित्येकदा कॅरिअरही मागच्या आसाच्याच नटांखाली अडकविलेली असतात. हे सारे काढल्याखेरीज चिमटी बसत नाही. आणि काढल्यावर नट पुन्हा पुरते कसावे लागतात. शिवाय २८ गुणिले दीड इंच टायरच्या या चाकाची रिम ६३५ मिलिमीटर व्यासाची असते, तर पुष्कळसे ट्रेनर शर्यतीच्या सायकलींच्या ६२२ मिलिमीटर रिमेचे माप धरून घडविलेले असतात. काहींवर मोठे चाक बसते, काहींवर बसत नाही. म्हणून आधी ट्रेनर पाहावा, त्याला कोणती चाके चालतात ते विचारावे, आणि मग सायकल शोधावयास निघावे. पुष्कळ लोक हा क्रम उलटा करतात आणि मग दोन्ही वस्तू घरात असून व्यायाम होत नाही.

तिसरी गोष्ट क्रँक आणि तिच्या मधला आस. दोन्ही क्रँक हातांनी धरून आडव्या ढकलाव्यात. दोन्ही मिळून हलल्या तर मधले छर्रे किंवा कप झिजले आहेत. एकच क्रँक आसावर पुढेमागे सटकत असेल, तर तिची कॉटर पिन झिजली आहे. पिन ही काही रुपयांची वस्तू. तिच्यासाठी चांगली सायकल सोडू नये. कप ज्यांत बसतात ते सांगाड्यातील आटे मात्र गेलेले असले, तर तो मोठा खर्च. जुन्या विलायती रॅले सायकलींच्या या आट्यांचे प्रमाण इंचाला २६ असे, इतरांचे साधारणतः २४. त्यामुळे एखादी डौलदार जुनी रॅले हाती लागली तरी तिचे कप मिळविताना मालकाची दमछाक होते. अशा सायकलचा संग्रह करावा, तिच्यावर घाम गाळू नये. चेनचे माप साध्या फूटपट्टीने घेता येते. नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती सव्वाबारा इंचांकडे झुकू लागली असेल, तर चेन बदलावयाची आहे असे धरून भाव करावा.

सांगाडा पाहताना मागच्या चाकाजवळचे सांधे नीट न्याहाळावेत. ट्रेनरमध्ये सायकलचा मागचा भाग जखडलेला असतो आणि वरचा माणूस डावीउजवीकडे झुलतो. रस्त्यावर जो ताण सायकल कलून सोडून देते, तो येथे सांध्यांना सोसावा लागतो. त्या ठिकाणी वेल्डिंगचा गठ्ठा किंवा रंगातून डोकावणारी बारीक रेघ दिसली, तर पुढे बोलणीच करू नयेत.

आणि आता काशीची म्हणून जी खास परीक्षा आहे ती. १९७८ साली गंगेच्या पाण्याने या शहरी ७३.९ मीटरची पातळी गाठली होती. धोक्याची खूण ७१.२६ मीटरवर आहे. त्यानंतरही २०१३, २०१६, २०२१ आणि २०२२ या वर्षी नदीने ती खूण ओलांडली. अशा वेळी अस्सी-नगव्याच्या आणि वरुणेच्या काठच्या सखल वस्तीत तळमजले पाण्याखाली जातात, आणि जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीही कित्येक दिवस गाळात बुडून राहतात. पूर ओसरल्यावर त्या धुऊनपुसून, कधी रंगवून, बाजारात येतात. वरून त्यांत काही उणे दिसत नाही. गंज असतो तो नळ्यांच्या पोटात, आणि गाळ बसलेला असतो तो हबमध्ये आणि क्रँकच्या कपांत. सीटचा दांडा बाहेर काढून सायकल उलटी करावी. नळीतून लालसर भुकटी किंवा वाळलेल्या मातीचे पापुद्रे पडले, तर तिचा इतिहास कळला. क्रँक सावकाश फिरवून कान सीटच्या नळीला लावावा. वंगण सुकलेल्या सायकलचा आवाज कोरडा आणि एकसारखा येतो, गाळ शिरलेल्या सायकलचा आवाज दातांखाली खडा यावा तसा. वंगण सुकले असेल तर ओव्हरऑइल करून भागते. पुरात बुडालेली सायकल फुकट मिळाली तरी, तिच्यावर शरीराचा भार टाकून अर्धा तास बसावयाचे आहे, हे विसरू नये.

गिअरच्या सायकलीविषयी दोन शब्द. भार बदलण्याची कळ ट्रेनरला असेल, तर गिअर नसले तरी चालते. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, आणि पाय मिनिटाला साठ फेरे घेत असतील, तर चाकाचा वेग ताशी सुमारे १९ किलोमीटरचा पडतो. मध्यम व्यायामाला तो पुरेसा आहे. गिअरची सायकल स्वस्तात मिळत असेल तर घ्यावी, परंतु मागच्या तीनचार दातऱ्यांवर चेन न कुरकुरता बसते की नाही, तेवढेच पाहावे. सगळेच गिअर चालले पाहिजेत असा हट्ट धरून किंमत वाढवून घेऊ नये. डोंगराळ रस्त्यांसाठी असलेले जाड खाचांचे टायर मात्र काढून गुळगुळीत टायर बसवावेत, नाही तर खोलीत पिठाची गिरणी चालल्याचा भास होतो.

सायकल कोठे शोधावी? काशी हिंदू विश्वविद्यालय १९१६ पासून या शहरात आहे, आणि जेथे विद्यार्थी तेथे सायकल हे नाते जुने आहे. शिक्षण संपवून गावी परतणाऱ्या विद्यार्थ्याला आपली सायकल आगगाडीतून नेण्यापेक्षा विकून टाकणे सोपे वाटते. परीक्षा आटोपल्या की अशी सायकल खुद्द वापरणाऱ्याच्या हातून मिळू शकते, आणि तिने काय सोसले आहे हे तो बहुधा खरे सांगतो. कबाड्याकडील सायकल त्याहून स्वस्त पडेल, पण तेथे वर सांगितलेली प्रत्येक परीक्षा स्वतः केली पाहिजे. बनारसी दुकानदार ‘गुरू’ म्हणून संबोधील, पान पुढे करील, आणि हातातले माप बाजूला ठेवावयास लावील. पान खावे, माप ठेवू नये.

घेतल्या मालाची पावती मागण्यास संकोच नको. एके काळी पुण्यासारख्या शहरांत सायकलवर नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याचा पितळी बिल्ला तिला लावलेला असे. मालकीची थोडीफार खूण त्यावरून पटे. आता ती सोय नाही. सांगाड्यावर, बहुधा सीटच्या नळीवर किंवा क्रँकच्या कपांखाली, कारखान्याचा क्रमांक ठोकलेला असतो. तो घासून काढलेला दिसला तर सायकल तेथेच सोडावी. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानावयास कारण असून, तो घेणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पावतीवर हा क्रमांक, विकणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून घ्यावी.

राहिलेले पैसे पंख्यासाठी ठेवावेत. शंभर वॉटचे काम पायांतून काढताना शरीर तीनशे ते चारशे वॉट उष्णता बाहेर टाकीत असते. रस्त्यावर समोरचा वारा ती वाहून नेतो. बंद खोलीत ती अंगाभोवतीच साचते. लूच्या दिवसांपेक्षाही श्रावणातली दमट दुपार यास वाईट, कारण घाम येतो पण सुकत नाही. म्हणून पहाटेची वेळ, उघडी खिडकी, समोर पंखा आणि जवळ पाण्याचा तांब्या. हँडलवर एक जुना पंचा टाकावा आणि व्यायाम झाल्यावर सायकलही पुसावी. घामातील मीठ हँडलच्या दांड्याच्या सांध्यात उतरून आतून लोखंड खाते, आणि बसलेला माणूस त्याच हँडलवर भार टाकून असतो. महिन्यातून एकदा तो सांधा सोडवून वंगण लावणे बरे.

सायकल घरी आणणे हे काशीत वेगळेच प्रकरण आहे. काळी सायकल २० किलोंच्या घरात जाते, वाड्याचा जिना अंधारा आणि वळणाचा असतो, आणि दार असे की हँडल आडवे राहिले तर सायकल आत शिरत नाही. हँडलचा मधला बोल्ट सैल करून ते सांगाड्याच्या रेषेत वळवावे, पायडले काढून खिशात टाकावी, आणि दोघांनी मिळून ती वर न्यावी. डावे पायडल उलट आट्यांचे असते, ते सोडविताना पाना उलटा फिरवावा लागतो. वर गेल्यावर फरशीवर जुनी सतरंजी दुमडून घालावी, तीवर ट्रेनर ठेवावा, आणि मागचे चाक उचलले गेल्यामुळे सायकल पुढे कलते म्हणून पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीचा एक लाकडी पाट द्यावा. मग हँडल सरळ करून बोल्ट कसावा, आसाचे नट पुन्हा एकदा तपासावेत, आणि पहिल्या दिवशी दहाच मिनिटे पायडल मारून खाली उतरावे.